निळं पोतं

क्रांतीनं तारेची घासणी संडासाच्या भिंतीवर दाणकन आपटली.

"परवाच घासलं हुतं की गं वैनी! परत आलं बघ मेलं!"

फरशीच्या सांध्यात हिरवं शेवाळ, भांड्याच्या मागं काळी बुरशी, कोपऱ्यात शेंबडागत बुळबुळीत. अ‍ॅसिड वतून झालं, ब्लिचिंग टाकून झालं. दोन-चार दिवस बरं ऱ्हायाचं, पुन्यांदा हायच.

शिवांजली दारात बादली धरून हुबी हुती. डोळं सुजल्यालं. फुढं सोप्यात तिचं वडील लालासाहेब येऊन बसल्यालं, तिला उंब्रजला घिऊन जायाला. स्वतःहून न्हवतं आलं. सासू ह्याच शेवाळावरनं घसरली, हात मोडला, तवा क्रांतीच्या मानसिंग काकानं त्यांना फोन केला, "पोरगी मुद्दाम घाण ठेवतीया. घिऊन जावा तिला." नवरा ऋषिराज तिकडं सरहद्दीवर. दोन दिस झालं, त्याचा फोन लागत न्हवता.

"तू रोज घासतीस. मी काय आंधळी हाय का?" क्रांती म्हणाली. "मंग हे वाळत का न्हाई?"

तिनं वर बघितलं. भिंतीतल्या सिमेंटच्या जाळीवर आतनं फ्लेक्सचा तुकडा चिकटवल्याला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा. अर्धी मिशी आन् 'शुभेच्छुक' तेवढं दिसत हुतं. पाली येत्यात म्हणून वैनीनं लावलाय, एवढंच घरात सगळ्यांना म्हाईत.

"अगं, वारंच न्हाई आत! कसं वाळंल?"

"ताई, नको—"

क्रांती बादली पालथी घालून वर चढलीबी. फ्लेक्स टराटरा फाडला. मागं खताचं निळं पोतं, पार जाळीच्या भोकाभोकात बोटानं दाबून दाबून कोंबल्यालं. तिनं ते वढून काढलं. भसकन उजेड आत आला. वारं आलं. बोळाच्या पल्याड काकाच्या घराचा स्लॅब दिसला. स्लॅबच्या कडंला एक लाल खुर्ची, तोंड हिकडंच. खुर्चीच्या पायाशी तंबाखूच्या पिचकाऱ्या.

"बघ, हेच्यापायी सगळं! कुणी कोंबलं हे?"

"मी."

"का?"

शिवांजली झटकन फुडं आली. तिच्या हातातनं पोतं हिसकून घेतलं आन् टाचा उचलून परत जाळीत कोंबाय लागली.

"येडी झालीस व्हय? हेच्यामुळं तुला घरातनं घालवाय लागल्यात!"

"घालवू द्या. पोतं ऱ्हाऊ द्या, ताई. पाया पडती."

क्रांतीचं डोकं फिरलं. घासणी तिथंच टाकून ती तरातरा सोप्याकडं निघाली. आत्ताच्या आत्ता सगळ्यांफुडं सांगणार हुती, घाण वैनीची न्हाई, दोष त्या पोत्याचा हाय म्हणून.

सोप्यात काकाचंच चाललं हुतं. पायावर पाय टाकून, लालासाहेबांकडं बघत. "पाव्हणं, स्वच्छता मनात पायजे. आमची वैनी आज हातावर पडली, उद्या डोक्यावर पडंल. उजेड पायजे, हवा पायजे. त्या जाळीतलं निळं पोतं काढलं तरी अर्धं शेवाळ आपसूक जातंय. पण सुनबाईला सांगणार कोण?"

आईनं प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेतला. "कसलं निळं पोतं?"

"जाळीत कोंबलंय की."

"जाळीवर तर फ्लेक्स हाय, भावजी. मी रोज बघती. पोतं न्हाई तितं."

बोलायला उघडलेलं तोंड क्रांतीनं मिटलं. अंगणातनं ती जाळी दिसत न्हाई, मधी भिंत येती. आतनं फ्लेक्स. मंग पोतं दिसतं कुठनं?

तिच्या डोळ्याफुडं ती लाल खुर्ची आली.

"काका," ती म्हणाली, "तुमाला कसं दिसलं?"

"आगं, दिसलं आसंल. कापडं वाळत घालताना."

"तुमी कवाधरनं कापडं वाळत घालाय लागलाय?"

लालासाहेबांनी कपबशी खाली ठेवली. काका हसला, पण कुणीच हसत न्हाई बघून थांबला. "शाळा सुटल्यापासनं जीभ लय चालाय लागलीया हिची. वैनी, आवरा हिला."

आई उठली. क्रांतीला वाटलं, आता थोबाडीत बसतीया. पण आई तिच्या अंगावरनं सरळ पायरी उतरून गेली. पायात चप्पल न्हाई. बोळ वलांडून काकाच्या जिन्याला लागली.

"वैनी, हात मोडलाय तुमचा! कुठं चाललाय वर?" काका बसल्या जागचा वरडला. उठला मात्र न्हाई.

आई एका हातानं भिंत धरत, एक एक पायरी चढत वर गेली. मंग तिची हाक आली.

"क्रांते! पोतं काढ ते. आन् आत हुबी ऱ्हा."

क्रांती पळत माघारी गेली. शिवांजली भिंतीला टेकून उकिडवी बसल्याली. क्रांतीनं पोतं उपसून काढलं, बादलीवरनं उतरली, फरशीवर हुबी ऱ्हायली आन् वर बघितलं.

जाळीतनं समोर आई. त्या लाल खुर्चीत बसल्याली. एवढी जवळ, की नाकातली चमकीसुदीक दिसत हुती.

आई बघत ऱ्हायली.

आईच हुती ती. तरी क्रांतीचा हात वढणीकडं गेला.