काचेवर काच

गरम पाण्यात विरघळवलेलं संयुग थंड करूनही स्फटिक आले नाहीत, तर बीकर आतून काचकांडीने घासायचा. मग त्या ओरखड्यांवर ते धरतात. प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण इतकं जोरात घासायची की सर वैतागायचे, "अगं बाई, बीकर फोडशील!"

ती गेली. दोघींनी बनवलेलं संयुग आज मी एकटीच शुद्ध करत होते. तिची आई कप्प्यातला ॲप्रन न्यायला आली होती. तो छातीशी धरून काकू तिच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या.

"झालं का गं तुझं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"नाही ना काकू. स्फटिक येतच नाहीयेत."

काचकांडी फडक्यावर तशीच पडली होती. तरी बर्फात ठेवलेल्या बीकरमधून आवाज सुरू झाला. कर्र, कर्र. बीकर थरथरू लागला. तळाशी स्फटिकांच्या पांढऱ्या सुया उगवल्या.

मी दोन पावलं मागे सरकले. काकू मात्र स्टुलाजवळ गेल्या आणि खाली वाकल्या.

"हळू गं बाळा," त्या म्हणाल्या, "हाताला काच लागेल."

आवाज हळू झाला.