हिरव्या ड्रिलचा गिअर

तुळसाबाईंच्या स्वस्तातल्या हिरव्या ड्रिलने असा आवाज काढला, की समोरच्या झाडावरचे कावळे थेट तालुक्याला गेले म्हणे. गिअर झिजला होता आणि अंगणवाडीचे लाकडी घोडे उद्या द्यायचे होते. सुतारकामाची त्यांची पहिलीच ऑर्डर.

"मावशी, ही कंपनीच बुडाली, पार्ट कुठला मिळतोय? आता याला देव्हाऱ्यात बसवा," ड्रिल घेऊन गेलेल्या तुळसाबाईंना हार्डवेअरचा दुकानदार हसला.

तुळसाबाईंनी त्याच्या भंगारातलं भलत्याच कंपनीचं पिवळं ड्रिल उचललं आणि तिथेच बसून दोन्ही उघडली. रंग वेगळा, नाव वेगळं, पण आतले गिअर अगदी सारखे. पिवळ्याचा हिरव्यात चपखल बसला. बटण दाबताच ड्रिल मांजरासारखं गुरगुरलं.

दुकानदाराने हळूच काउंटरखालून एक लाल ड्रिल काढलं. "मावशी, हे माझ्या सासऱ्यांना मीच विकलं होतं, आता बंद पडलंय. बघता का जरा?"

"देव्हाऱ्यातून काढलंस होय?" म्हणत तुळसाबाईंनी ते पुढ्यात ओढलं.