अचूक पुरवठा

ही लढाई कुणाच्याच भल्याची नाही हे कळल्यापासून फौजेच्या गोदामातला शिपाई जीव मुठीत धरून रोज एकच उद्योग करायचा. तोफगोळ्यांच्या पेट्यांवर तो ‘छावणी’ची चिठ्ठी डकवायचा आणि बटाट्यांच्या पेट्यांवर ‘आघाडी’ची. सापडला असता तर सरळ गोळीच.

फौजेचा ट्रक चालवणाराही आतून सरकारवर उखडलेलाच होता. आघाडीची चिठ्ठी दिसली की तो ती पेटी गुपचूप छावणीत उतरवायचा, आणि छावणीची आघाडीवर.

दोघं रोज एकाच बाकावर बसून चहा प्यायचे, पण असलं काही कोण कुणाला सांगतं? वर्षभरात एक बटाटासुद्धा चुकीच्या जागी गेला नाही. अचूक पुरवठ्याबद्दल दोघांना भर मैदानात, बँडच्या गजरात पदक मिळालं.



समोर फोटोवाला होता, म्हणून पदक टोचताना कर्नलसाहेब हसतच पुटपुटले, “गाढवांनो, अख्ख्या फौजेतून हुडकून आपल्यासारखे दोन फितूर या गोदामावर नेमले मी. एकमेकांशी बोलायला काय धाड भरली होती तुम्हाला?”