कडेकडेने कापा

बाबांच्या डोळ्यांत दिवसातून तीन वेळा थेंब घालायचे मी, आणि त्यांच्या तोंडी कौतुक मात्र वर्षातून चार दिवस येणाऱ्या धाकटीचं. आम्हा तिघांच्या जुन्या फोटोचं स्टिकर करून आण, सुतारकामाच्या पेटीवर लावायचंय, असं ते म्हणाले तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता पेटीवरही हीच मिरवणार!

"सरळ चौकोनी कापू, की माणसांच्या कडेकडेने?" स्टिकरवाल्याने विचारलं.

"कडेकडेने. आणि ही टोकाची मुलगी काढून टाका. फक्त बाबा आणि मी हवेत."

त्याने फोटो पडद्यावर मोठा केला, आम्हा दोघांच्या कडेने रेघ ओढत आणली आणि मध्येच थांबला.

"ताई, हिला काढलं तर तुमचा हात तुटेल. खांद्यावर हात टाकून किती घट्ट धरलंय तुम्ही हिला!"

मी बघतच राहिले. माझीच बोटं होती.

"बरं, राहू दे तिला," मी म्हणाले, "पण बाबांना जरा माझ्याकडे सरकवता येईल का?"