कूस न दाखवणारं हरिण

लेस्टरने धनुष्याची ताणलेली दोरी हळूच सैल केली. हरिण खाली उभंच होतं, मचाणाकडे तोंड करून.

ही सलग तिसरी संध्याकाळ. मोठ्या शिंगांचा नर, वीस पावलांवर, आणि नजर थेट वर. हरिण असं उभं राहत नाही. ते चरतं, कान फिरवतं, वळतं, केव्हातरी कूस दाखवतं, आणि बाण सोडायचा तो तेव्हाच. समोरून मारलेला बाण छातीच्या हाडावरून घसरतो आणि जनावर दोन दोन दिवस मरत राहतं. हे मात्र वळतच नव्हतं. सुपिरियर सरोवराकडचा वारा लेस्टरच्या पाठीवरून सरळ हरिणाच्या नाकात जात होता, तरी पळत नव्हतं. उजेड सरला की ते सीडरच्या झाडांच्या दलदलीत शिरायचं, तेही पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत.

शिकारीच्या कॅम्पात शेगडी पेटली होती आणि ओले मोजे वाळत पडले होते. लेस्टरचे हात रिकामे बघून त्याचा मेव्हणा व्हर्न खूश झाला.

"काय जावईबापू, आजही नुसतं दर्शन? उद्या जाताना मेणबत्ती घेऊन जा!"

"समोरून उभं होतं," लेस्टर म्हणाला. "बाण टाकण्यासारखं नव्हतं."

"ऐकलंस, व्हर्न? शीक जरा," पापा म्हणाले.

पापा म्हणजे अर्वो नीमी, व्हर्नचे वडील, लेस्टरचे सासरे. कॅम्प त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, त्यामुळे नियमही त्यांचेच. नेम साफ चुकला तर चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं, सगळ्यांनी हसायचं, विषय संपला. पण रक्ताचा एक थेंब जरी सांडला तरी ते हरिण तुझं. सापडो न सापडो, त्या वर्षापुरतं तुझं धनुष्य खुंटीला. वीस पावलांपलीकडे पापांनी उभ्या आयुष्यात बाण सोडला नव्हता. निदान सगळे तसंच सांगायचे.

"हात आवरता येतो तोच शिकारी," पापा पास्टीचा, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीचा, तुकडा मोडत म्हणाले. "माझं आता वय झालं. पुढच्या वर्षीपासून कॅम्प लेस्टरने सांभाळायचा. मी ठरवलंय."

व्हर्नचं तोंड एवढंसं झालं. लेस्टरने मान खाली घातली. त्याला तो कॅम्प हवा होता, अगदी मनापासून हवा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसांनी त्याला आपलं म्हटलं ते आज पहिल्यांदा. आणि नेमकं आजच त्याला वर बघवत नव्हतं, कारण समोरच्या भिंतीवर त्याच्या निळ्या शर्टाचा तुकडा ठोकलेला होता.

मागच्या वर्षी त्याने पन्नास पावलांवरच्या पळत्या नरावर, तेही उजेड जाता जाता, बाण सोडला होता. हा सोडायला नको होता, हे दोरी सुटताक्षणीच त्याला कळलं. पाचोळ्यावर रक्त होतं. तेवढ्यात बर्फ सुरू झाला आणि सगळं झाकून गेलं. कॅम्पात येऊन तो म्हणाला, "चुकला." सगळे पोट धरधरून हसले, आणि त्यांच्यात तोही हसला.

"उद्या मीही येतो," पापा म्हणाले. "दलदलीच्या कडेला माझं जुनं मचाण आहे, तिथे बसतो. बघू तरी तुझं भूत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिण आलं. येताना दिसलं नाही. आधी तिथे काही नव्हतं आणि मग ते होतं. लेस्टरने धनुष्य उचललंसुद्धा नाही. ही कूस आपल्याला बघायची नाही, एवढं त्याला कळून चुकलं होतं. पापांच्या मचाणावरून ती कूस दिसत असेल हे मात्र त्याच्या उशिरा लक्षात आलं.

पलीकडे दोरी वाजली. फांद्यांच्या आडून, पन्नास पावलांहूनही लांबून. हरिणाने एक उडी घेतली, दोन ढांगा टाकल्या आणि ते कोसळलं.

असा बाण पापांनी उगाच सोडला नसता. त्यांना काहीतरी दिसलं होतं. लेस्टर खाली उतरला. त्याने टॉर्च लावला. ताजा बाण फासळ्यांतून आरपार गेला होता. त्याच्या वर, डाव्या खांद्यात, एका जुन्या बाणाचा वीतभर दांडा रुतून बसला होता. भोवती मांस सुजून कडक झालेलं, पू सुकलेला. वर्षभर हे असं वागवत ते जगलं होतं. लेस्टर रडायच्या बेतात आला. कॅम्पात प्रत्येक जण आपले बाण आपणच रंगवतो, दांड्यावर आपल्या रंगाचा पट्टा ओढतो. त्याचा हिरवा. आता कॅम्प गेला, पापांचा विश्वास गेला आणि ते बरोबरच होतं.

पापा अजून खाली उतरले नव्हते.

"लेस्टर," झाडावरून हाक आली. आवाज भलताच बारीक झाला होता. "त्या जुन्या दांड्यावर पट्टा असेल बघ. कोणत्या रंगाचा आहे?"

लेस्टरने अंगठ्याने चिखल पुसला. पुन्हा पुसला. टॉर्च जवळ नेला.

"पिवळा आहे, पापा. तुमचा."

"मला वाटलं होतं, मागच्या वर्षीच्या त्या बर्फातच मेलं असेल," पापा म्हणाले.

लेस्टरच्या छातीवरचा धोंडाच उतरला. त्याला हसू आलं, अगदी लहान पोरासारखं, आणि जीभ चावायच्या आत तो बोलून गेला.

"मग माझं कुठे गेलं?"