अर्धं सूत

"हातोडी घ्यायची नाही. फळी तळहाताने बसली तरच खरी," सासरे सुनेला म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. तो हल्ली थरथरायचा, आणि समोर परका माणूस बसला होता.

परका म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा सुतार. राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं यंत्र, विकत घ्यायला आला होता. हातच साथ देत नाही तर यंत्राचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणून सासऱ्यांनी ते विकायला काढलं होतं. सून तेवढी अडून बसली होती. "एक दार मला करू द्या. नाही जमलं तर खुशाल विका."

तेच दार चाललं होतं. टेबलाच्या पोटातून राउटरचं पातं वर डोकावत होतं. फळी त्यावरून सरकवली की कडेला खाच पडायची, पातं बदललं की दुसऱ्या कडेला जीभ निघायची. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घालत गेलं की दार तयार. नियम एकच, प्रत्येक फळीने तोंड, म्हणजे दर्शनी बाजू, खाली घालून जायचं. तोंड आणि जीभ यांची आमच्या सूनबाईंकडे काही कमतरता नाही, असं सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आज मात्र ती गप्प होती.

शेवटची जीभ कापून तिने राउटर बंद केला, भुसा झटकला आणि फळ्या जोडायला घेतल्या. तळहाताचा एक दाब, की फळी आत. ढिली नाही आणि हट्टीही नाही. काय सुरेख बसत होत्या! पलीकडचा सुतारसुद्धा हातातला चहा विसरला.

मधल्या जोडापाशी तिचा अंगठा थांबला. तिने तो पुन्हा फिरवला. इवलीशी पायरी लागत होती.

"काय झालं गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ही उलटी गेली, बाबा. हिच्या रेषा छान होत्या म्हणून वळवून बघितली आणि तशीच सरकवली. जीभ अर्धं सूत वर आलीय."

"अर्धं सूत!" सुतार हसला. "वहिनी, दोनदा रंधा फिरवा न् मोकळ्या व्हा. दारावर कोण अंगठा फिरवत बसतंय?"

सासरे तिच्या अंगठ्याकडे बघत होते. मांडीखालचा हात बाहेर येऊन थरथरत होता, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

तिने ती फळी सोडवली, करवतीवर नेली आणि अख्खी जीभ छाटून टाकली.

"अहो, फळी वाया घालवलीत की!" सुतार उठून उभा राहिला.

तिने पुन्हा खाचेचं पातं चढवलं, उंची आधीच्या फळीच्या खाचेशी जुळवली आणि या खेपेला तोंड नीट खाली घालून त्या कडेलाही खाच पाडली. मग टाकाऊ तुकड्यातून एक बारीक पट्टी काढली. घालून बघितली, घासली, परत घालून बघितली. पट्टी खाचेत सरकली, तिच्यावर पुढची फळी. तळहाताचा एक दाब. अंगठा जोडावरून सरळ पलीकडे गेला.

"हे तुला कुणी शिकवलं?" सासरे उठून टेबलापाशी आले होते.

"कुणी कशाला? दोन्हीकडे नुसत्याच खाचा झाल्या, मग जीभ बाहेरून आणली."

सासरे हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्या जोडावरून त्यांनी थरथरता हात फिरवला; तो लपवायचंही त्यांना सुचलं नाही. "मी रंधाच मारला असता," ते सुताराला म्हणाले. "जन्मभर तेच केलं."

सुताराने कप खाली ठेवला. "ते असू दे, मिस्त्री. मशीन कधी नेऊ?"

सून पुढची फळी घेऊन उभी होती. "बाबा, जरा बाजूला व्हा ना. उजेड अडतोय."

सासरे मुकाट्याने बाजूला झाले.

"ऐकलंत ना?" ते सुताराला म्हणाले. "बाजूला व्हायला सांगतेय. तुम्हीही सरका."