माळ्याचं कलम

महाडच्या बाजारपेठेतलं घर भाड्यानं देताना शेटनी करारात एक कलम घातलं: "माळा मालकाच्या ताब्यात राहील." भोरहून घाट उतरून आलेले भाडेकरू मास्तर त्यातले ऱ्हस्वदीर्घ सुधारत बसले. मी साक्षीदार. मास्तरीणबाई मात्र भिंतीवर, डोक्याच्याही वर उमटलेली मातकट रेघ बघत होत्या. "ही कसली हो?" "श्रावणात सावित्रीच्या पुराचं पाणी येतं, त्याची." "मग आम्ही माळ्यावर जायचं नाही?" "तिथं माझा तांदूळ असतो, वहिनी. भिजला तर वाया जातो." "आणि माणसं भिजली तर?" "माणसं काय, वाळतात!" शेट खदखदले. मास्तरही हसले, टाक बुडवून सहीला वाकले. बाई भरलेली कळशी घेऊन शिडीनं माळ्यावर चढल्या आणि तांदळावर तिरकी धरून म्हणाल्या, "कलम खोडता, की श्रावण आत्ताच आणू?" शेटनी मास्तरांच्या हातातला टाक ओढून कलम खोडलं. मास्तर हळहळले, "अरेरे, केवढं शुद्ध झालं होतं!"